दातांच्या तारा आणि आमचे गुरुवार

माझ्या मुलीच्या, ओवीच्या दातांवरच्या तारा १६ जानेवारी २०२५ ला निघाल्या. बसवल्या होत्या २५ ऑगस्ट २०२२ ला. सुरुवात करण्याआधी मी ओळखीपाळखीत खूप विचारलं, पण 'काही नाही हो, तारा बसवतात, दीड-दोन वर्षांत दात सरळ होतात' यापलीकडे कोणी सांगेना. घरी काय काय करावं लागतं, पैसे कधी द्यावे लागतात, पोरीला कोणत्या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास होतो, हे कोणी बोललंच नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये कामाला आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे खालच्या बहुतेक सगळ्या तारखा गुरुवारच्या आहेत.

ओवी पाच वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखायची. वरचे पटाशीचे दात पुढे आले, खालचे एकमेकांवर चढले, आणि झोपेत तिचे ओठ मिटेनासे झाले. दुधाचे दात सगळे पडू देत, मग बघू, असं आम्ही म्हणत राहिलो. सहावीत असताना ती हसताना तोंडावर हात धरायला लागली. मे महिन्यात गावाला गेलो तेव्हाचे फोटो बघितले, तर एकाही फोटोत तिचं तोंड दिसत नव्हतं. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, मला ते फोटो एकामागून एक दाखवले आणि म्हणाली, आता थांबायचं नाही.

घराजवळच्या दोन दवाखान्यांत चौकशी केली. धातूच्या साध्या तारांना एकाने ४५,००० सांगितले, दुसऱ्याने ६०,०००. दातांच्या रंगाच्या सिरॅमिकच्या हव्या असतील तर आणखी वर. एका ठिकाणी तर एक्स-रे न काढताच 'आजच सुरू करू' म्हणाले, तिथून आम्ही परत आलो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने सांगितलं, दातांच्या कॉलेजात जा. तिथे एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण करणारे डॉक्टर उपचार करतात, वर मोठे सर-मॅडम बघायला असतात, पैसे कमी लागतात, वेळ जास्त जातो. आमच्या घरापासून बसने पाऊण तासावर असं एक खासगी कॉलेज आहे. तिथे जायचं ठरवलं.

१६ जून २०२२. सकाळी सव्वानऊला केसपेपर काढला, ५० रुपये. मला वाटलं होतं थेट तारांच्या विभागात पाठवतील. तसं नसतं. आधी तळमजल्यावर तोंडाची सर्वसाधारण तपासणी, तिथे एक चिठ्ठी, ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर नाव नोंदवून घेतलं, एका तरुण डॉक्टर मॅडमनी दात बघितले आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली. दीड वाजला. कोणाला जायचं असेल तर एवढं सांगतो: पहिल्या दिवशी दातांना हातही लागत नाही हे मुलाला आधी सांगून ठेवा, डबा बरोबर न्या, आणि केसपेपरवर जो मोबाइल नंबर द्याल तो दिवसा फोन उचलू शकणाऱ्याचा द्या. मी माझा दिला होता. मशीनवर असताना फोन लॉकरमध्ये असतो. कॉलेजमधून आलेले दोन फोन त्यामुळे चुकले, मग हिचा नंबर लावून घेतला.

२३ जूनला दोन एक्स-रे झाले. एकात सगळा जबडा आडवा पसरून दिसतो, त्याला ओपीजी म्हणतात. दुसरा बाजूने काढलेला डोक्याचा, त्याला सेफ. दोन्हींचे मिळून ६००. मग चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, आणि दातांचं माप. मापासाठी पत्र्याच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबून धरतात. ओवीला उमासे यायला लागले. मॅडम म्हणाल्या, 'बेटा, नाकाने श्वास घे आणि उजवा पाय वर उचलून धर. खाली ठेवायचा नाही.' ती पाय सांभाळण्यात गुंतली आणि तेवढ्यात माप झालं. फोटो आणि मापाचे ५००.

७ जुलैला आम्हाला दोघांनाही बोलावलं होतं. टेबलावर ओवीच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा ठेवला होता. पोरीचे दात असे हातात घेऊन कधी बघितले नव्हते. वरचे पुढचे दात खालच्यांच्या ९ मिलिमीटर पुढे होते. मॅडमनी शांतपणे सांगितलं, 'काका, चार दात काढावे लागतील. वरचे दोन, खालचे दोन. सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ.'

चार दात. किडलेले नाहीत, हलत नाहीत, नुकतेच आलेले. ही काही बोलेना. मी विचारलं, दुसरा मार्ग नाही का? मॅडमनी एक पितळेची बारीक तार घेतली. साच्यावर दातांच्या रांगेवरून ती कमानीसारखी वळवून बसवली, मग सरळ करून पट्टीवर मोजली. ही झाली असलेली जागा. मग एकेका दाताची रुंदी कॅलिपरने मोजून मला बेरीज करायला सांगितली. मी रोज हेच काम करतो, मापाला माप लावून बघतो. खालच्या रांगेत ६ मिलिमीटर जागा कमी पडत होती, आणि शिवाय वरचे दात मागे न्यायचे तर त्यांनाही जागा हवीच होती. एका उपदाढेची जागा साधारण ७ मिलिमीटर. हिशेब समोर होता. तरीही मी त्या दिवशी सही केली नाही.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनाला लागून राहिली. नवव्या-दहाव्या वर्षी आणलं असतं तर जबडा वाढत असतानाच काढघाल करायच्या पट्टीने खालचा जबडा थोडा पुढे आणायचा प्रयत्न करता आला असता. मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर होते, ओवीची तोवर बरीच होऊन गेली होती. नंतर वाचलं की अमेरिकेतली दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची संघटना मुलांचे दात सातव्या वर्षाच्या आत एकदा दाखवून घ्या म्हणून सांगते. आम्ही दुधाचे दात पडायची वाट बघत बसलो. तुमचं मूल लहान असेल तर तुम्ही बसू नका. दाखवलं म्हणजे लगेच तारा बसतात असं नाही.

घरी आईने ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. 'अरे, देवाने दिलेले धडधाकट दात, ते उपटून टाकायचे? उद्या डोळ्याला काही झालं म्हणजे?' दात काढला की डोळा अधू होतो हे तिच्या मनात पक्कं होतं. तसं काही नसतं हे मॅडमनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, पण आईचं भय फक्त डोळ्याचं नव्हतं, आणि मलाही आतून तेच वाटत होतं. मी वाचायला लागलो. दात काढायचे की नाही हा वाद या शास्त्राइतकाच जुना निघाला. एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरांनी दात सरळ करण्याच्या या शास्त्राचा पाया घातला, तार बसवायला दातावर चिकटवतात त्या खाचेच्या बटणाची (ब्रॅकेटची) मूळ कल्पनाही त्यांचीच. दात काढायला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड त्याच पद्धतीने काम करत राहिले. पण आपल्याच रुग्णांचे निकाल पाहून त्यांचं समाधान होईना, तेव्हा त्यांनी तेच रुग्ण पुन्हा घेऊन उपदाढा काढून उपचार केले. हे वाचून मला एवढं कळलं की उत्तर प्रत्येक तोंडाचं वेगळं असतं, सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

मग १४ जुलैला एक्स-रे घेऊन चिंचवडच्या एका तज्ज्ञांकडे गेलो. तपासणीचे ५००. त्यांना कॉलेजने काय सांगितलंय ते आधी बोललो नाही. त्यांनीही तेच चार दात सांगितले. त्या ५०० रुपयांनी आमची झोप परत आली. दात काढायचे असतील तर दुसरं मत घ्या, आणि पहिलं मत न सांगता घ्या.

ओवीला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री तिनेच विचारलं, 'बाबा, दुखेल का, ते सांगा. बाकी मला कळलंय.' मी म्हणालो, सुई टोचताना दुखेल, नंतर दात ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, आणि संध्याकाळी ठणकेल. मी मॅडमना विचारून हे शब्दशः पाठ करून ठेवलं होतं. 'काही होत नाही' असं मुलांना सांगू नका. पुढे अडीच वर्षं तिने माझं ऐकलं, कारण त्या दिवशी सांगितल्याप्रमाणेच झालं.

२१ जुलैला संमतिपत्रावर सह्या झाल्या, दात साफ केले, दोन बारीक किडलेल्या दाढा भरल्या, मिळून ९००. किडलेल्या दातावर तारा बसवत नाहीत. २८ जुलैला उजव्या बाजूचे दोन दात काढले, ४ ऑगस्टला डाव्या बाजूचे. प्रत्येकी २००. दात काढणारा विभाग वेगळा असतो, तिथले डॉक्टर वेगळे, हातात फक्त चिठ्ठी. आमच्या चिठ्ठीवर १४, २४, ३४, ४४ असं लिहिलेलं होतं. पहिला आकडा तोंडाच्या कोणत्या भागातला दात ते सांगतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. आम्ही कामावर ड्रॉइंग वाचल्याशिवाय मशीन चालू करत नाही. मी हात जोडून म्हणालो, 'डॉक्टर, सुरू करायच्या आधी एकदा बोटाने दाखवता का?' त्यांनी राग न मानता आरशात ओवीला आणि मला दोघांना दाखवलं. प्रत्येक आईबापाने हे विचारावं असं मला मनापासून वाटतं.

कापसाचा बोळा तासभर दाबून धरायचा, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आईस्क्रीम खायची परवानगी असते, ती आम्ही पुरेपूर घेतली. आईने तूप घालून मऊ गुरगुट्या भात केला आणि चमचा स्वतः धरला. ते काढलेले दात ओवीने डबीत मागून आणले होते. मुळं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. दाताचा बाहेर दिसणारा भाग मुळापेक्षा लहान होता.

१८ ऑगस्टला दाढांच्या फटीत निळ्या रबराच्या बारीक कड्या घातल्या. दाढांवर पोलादी पट्टी चढवायला जागा व्हावी म्हणून. मला ते किरकोळ वाटलं, पण ओवीच्या मते पूर्ण अडीच वर्षांत सगळ्यात जास्त त्रास याच आठवड्यात झाला. काहीही चावलं की दाढेत कळ. एक कडी शुक्रवारीच निघाली. फोन केला, मॅडम म्हणाल्या बाकीच्या आहेत ना, चालेल. निघालेली कडी गिळली गेली तरी घाबरू नये, असंही सांगितलं.

२५ ऑगस्टला तारा बसल्या. दोन तास लागले. दात कोरडे करून त्यावर आधी आम्लाचा निळा जेल लावतात, धुतात, पुन्हा कोरडे करतात, मग एकेक बटण चिकटवून निळ्या प्रकाशाने पक्कं करतात. पहिली तार निकेल-टायटॅनियमची, गोल, १४ थाऊची. म्हणजे इंचाचा हजारावा भाग गुणिले चौदा. आम्ही रोज ज्या मापात बोलतो तेच माप. मॅडमनी कापून उरलेला तुकडा मला दिला. मी तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, तो पुन्हा होता तसा सरळ. पोलादाची तार एवढी वाकवली तर वाकलेलीच राहते. हा धातू साठेक वर्षांपूर्वी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. तार सरळ व्हायला बघते आणि वेड्यावाकड्या दातांना हळूहळू आपल्याबरोबर नेते. दाताच्या एका बाजूला दाब पडला की तिथलं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं हाड भरतं. तो तुकडा माझ्या टूलबॉक्समध्ये अजून आहे.

त्या दिवशी ८,००० भरले. उरलेले १८,००० महिन्याला १,००० याप्रमाणे अठरा महिने. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये विचारलं होतं, दातांचा खर्च अपघाताशिवाय मिळत नाही असं उत्तर आलं. तुम्ही आपली पॉलिसी बघून घ्या, पण त्यावर अवलंबून बेत आखू नका.

३१ ऑगस्टला गणपती बसले. तारा बसून सहावा दिवस. दात ठणकायचे तीन दिवस सरले होते, पण तोंड आलं होतं. गालाला आतून बटणं घासून चार-पाच ठिकाणी पांढरे फोड. मॅडमनी मेणाची डबी दिली होती. मेण चिमटीत मऊ करून टोचणाऱ्या बटणावर बसवायचं, पण आधी ते बटण कापसाने कोरडं करायचं. ही कोरडं करायची गोष्ट आम्हाला चौथ्या दिवशी कळली, तोवर मेण सारखं निसटत होतं. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार वेळा चुळा, फोडांवर साजूक तूप. उकडीचे मोदक तिने व्यवस्थित खाल्ले, एकूण सात. आरतीत सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणताना मध्येच ओठाला चिमटा बसला आणि डोळ्यांत पाणी आलं, तरी पुढचं कडवं तिने सोडलं नाही.

पुढचे महिने म्हणजे खरं तर स्वयंपाकघर आणि बेसिन. दवाखान्यात महिन्याला वीस मिनिटं जातात, बाकीचे एकोणतीस दिवस घरी. पेरू, ऊस, चिक्की, बर्फ, फुटाणे, कडक शेंगदाण्याचा लाडू बंद. मक्याचं कणीस दातांनी तोडायचं नाही, दाणे सोलून खायचे. भाकरी चालते, आमटीत कुस्करली की झालं. सफरचंदाच्या फोडी करायच्या. दिवाळीत हिने चकली न करता ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, आणि संक्रांतीला गुळाची मऊ वडी थापली. घरात एकट्या मुलीलाच वेगळं ताट पडू नये म्हणून तिने चिक्की आणलीच नाही. हे मला तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

आणि हळद. बटणावर तार धरून ठेवायला बारीक रबरी कड्या असतात, दर महिन्याला बदलतात, रंग मुलांना निवडू देतात. ओवीने पहिल्यांदा पारदर्शक घेतल्या, कमी दिसतील म्हणून. तिसऱ्या दिवशी आमटी-भाताने त्या पिवळ्याजर्द झाल्या. वर्गात कोणीतरी दात घासत नाहीस का म्हणालं. ती घरी येऊन पंधरा मिनिटं घासत बसली, पण हळद रबरात उतरली की निघत नाही. पुढच्या वेळी तिने गडद निळ्या घेतल्या, मग राखाडी. मराठी घरात पारदर्शक आणि पांढरा रंग घेऊ नका, पिवळा चालेल.

घासण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. तारेच्या वर ब्रश तिरका धरून, मग तारेच्या खाली तिरका धरून, मग दातांच्या मधून बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक इवलासा ब्रश मिळतो तो तारेखालून घालून. रात्री आठ-दहा मिनिटं लागतात. कंटाळा केला तर बटणांभोवती दात खडूसारखे पांढरे पडतात आणि तारा निघाल्यावर चौकोनी डाग दिसतात. मॅडमनी एका मुलाचा फोटो दाखवला होता. पहिले सहा महिने मी रोज रात्री बेसिनपाशी तिच्याबरोबर उभा राहून स्वतःचेही दात घासले. आधी मी रात्री घासत नव्हतो.

बटणं एकूण पाच निघाली. दोन पहिल्याच महिन्यात, एक पेन्सिल चावताना, एक लग्नातल्या मसाला सुपारीने, एक कारण न कळता. प्रत्येकी २०० रुपये, आणि पैशापेक्षा मोठं म्हणजे त्या दाताचे दोन-तीन आठवडे वाया. बटण सुटलं की लगेच फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. एकदा रात्री अकराला तारेचं टोक मागे सरकून गालात घुसलं. पेन्सिलीच्या मागचं स्वच्छ पुसलेलं खोडरबर लावून ते हळूच दाढेकडे वाकवलं, वर मेण लावलं, सकाळी कॉलेजात जाऊन कापून आणलं.

शाळेत दर महिन्याला अर्धा दिवस बुडायचा. वर्गशिक्षिकांना सुरुवातीलाच अर्ज आणि तारखांच्या कार्डाची झेरॉक्स दिली होती, त्यांनी कधी अडवलं नाही.

मार्च २०२३ मध्ये तार बदलून पोलादाची चौकोनी आली, १९ बाय २५ थाऊ, बटणाची खाच २२ ची. तीन थाऊंची ढील ठेवलेली असते, नाहीतर तार सरकणार कशी. इथून काढलेल्या दातांची जागा मिटायला सुरुवात झाली. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. डोळ्यांना काहीच दिसत नाही. जूनमध्ये ओवी हट्टाला पेटली, की काही होतच नाहीये, काढून टाका. मला समजावता येईना. मग मोबाइलमधले दर महिन्याचे फोटो काढले. दर गुरुवारी बस यायच्या आधी स्टॉपवरच एक फोटो घ्यायची सवय होती, समोरून, ओठ ताणून. ऑगस्टचा आणि जूनचा शेजारी ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि फोन घेऊन आजीकडे गेली.

डिसेंबर २०२३ पर्यंत फटी मिटल्या. जानेवारीत रबर सुरू झाले. वरच्या सुळ्याच्या हुकातून खालच्या मागच्या दाढेपर्यंत दोन्ही बाजूंना ताणून लावायचे, जेवताना आणि दात घासताना काढायचे, बाकी दिवसरात्र. रोज नवे, कारण ताण उतरतो. या कामाला डॉक्टर काहीच करू शकत नाहीत, सगळं मुलाच्या हातात. पहिल्या महिन्यात ओवी शाळेत लावत नव्हती, बोलताना सुटून उडेल म्हणून. मॅडमनी मोजलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, 'बेटा, अर्धा मिलिमीटरही हललं नाही.' बसमध्ये ती गप्प होती. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने कंपासपेटीत रबराचं एक पाकीट ठेवलं आणि मैत्रिणीला सांगून ठेवलं की डब्यानंतर आठवण कर.

जून २०२४ मध्ये आमचं गाडं अडलं. मॅडमची तीन वर्षं संपली, परीक्षा होऊन त्या गेल्या. कॉलेजात हे होणारच, एमडीएस तीन वर्षांचं असतं, आणि केस घेताना त्या दुसऱ्या वर्षाला होत्या. हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मे महिन्यात परीक्षेमुळे तारीख मिळाली नव्हती, १३ जूनला गेलो तर नवे डॉक्टर, आणि ओवीची फाइल सापडेना. दोन तासांनी फाइल सापडली, पण त्यात मूळ एक्स-रे नव्हते आणि प्लॅस्टरच्या साच्याचा खालचा भाग फुटलेला होता. ओवी माझ्याकडे बघत होती. त्या वेळी माझ्या पिशवीतली प्लॅस्टिकची फाइल कामाला आली: एक्स-रेचे मोबाइलवर काढलेले फोटो, दर महिन्याच्या कार्डाची झेरॉक्स, कोणती तार कधी घातली त्याची माझी नोंद, सगळ्या पावत्या. नव्या डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं. ते म्हणाले, 'काका, यावरून पुढे नेता येईल.' मुळं नीट आहेत ना हे बघायला नवा ओपीजी काढला, ३००. पावत्या नसत्या तर पूर्ण पैसे भरल्याचं दाखवणंही अवघड गेलं असतं, कारण शेवटच्या दोन हप्त्यांची नोंद त्यांच्या वहीत सापडत नव्हती. म्हणून सांगतो, दर वेळी घरी येऊन कार्डाचा फोटो काढा.

नव्या डॉक्टरांनी बारीक कामाला सात महिने घेतले. वरची आणि खालची मधली रेष जुळवली, दोन दातांची बटणं काढून थोडी फिरवून लावली. ओवी तोवर नववीत होती. दहावीच्या आत संपावं एवढीच आमची इच्छा होती.

१६ जानेवारी २०२५ ला, संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. पकडीने एकेक बटण दाबलं की बारीक कट्ट असा आवाज होतो. अठ्ठावीसमधले चार गेलेले, चोवीस दात, तेवढे आवाज मी बाहेरच्या बाकावर बसून मोजले. मग दातांवर उरलेला चिकट भाग घासून काढला. ती बाहेर आली आणि सारखी जीभ दातांवरून फिरवत होती. 'बाबा, गुळगुळीत लागतंय.' वरचे दात खालच्यांच्या नऊ मिलिमीटर पुढे होते, त्याचे अडीच झाले होते. डाग नव्हते. संध्याकाळी आईने तिची हनुवटी धरून दिव्याखाली तोंड फिरवून फिरवून बघितलं.

खर्चाची बेरीज वहीत केली, केसपेपरपासून शेवटच्या पट्टीपर्यंत ३२,१५० आणि नव्या एक्स-रेचे ३००, म्हणजे ३२,४५०. यात रिटेनरचे १,८०० धरले आहेत. ब्रश, मेण, बसभाडं वेगळं.

रिटेनर म्हणजे दात पुन्हा जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून घालायची वस्तू. खाली पुढच्या सहा दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवली आहे. वर काढघाल करायची गुलाबी पट्टी, पुढे तार असलेली. पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ, नंतर रात्री. पहिले दोन दिवस तिला 'स' आणि 'च' नीट म्हणता येईना, ती मोठ्याने धडे वाचत बसली आणि सुधारलं. गरम पाण्याने धुवायची नाही, वाकते.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात जेवताना तिने पट्टी काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, आणि वाढपी ताटासकट उचलून घेऊन गेला. आम्ही मांडवामागे उष्ट्याच्या पिंपांत तासभर शोधलं. मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी कॉलेजात फोन केला, कारण आठ-दहा दिवस गेले तरी दात सरकायला लागतात. तारा काढल्यावर घेतलेला नवा साचा मी घरी मागून आणला होता, त्यावरच चार दिवसांत नवी पट्टी करून मिळाली, ९००. आता डबी तिच्या दप्तरात दोऱ्याने बांधलेली आहे. पुढची तारीख मिळाली होती १७ जुलै २०२५, गुरुवार.